तात्यांची परात हिमालयात

हिमालयात भूकंप होत नाही, असं मी हिंदुराव तात्यांना सांगितलं.

नुसतं सांगितलं नाही, छातीवर हात ठेवून सांगितलं. वास्तविक मी भूगोलाचा माणूस नव्हे. कराडच्या एका शाळेत मी जन्मभर चित्रकला शिकवली. हिमालयाशी माझा संबंध एवढाच, की फळ्यावर दोन त्रिकोण काढायचे, मधे अर्धा सूर्य, खाली एक नदी आणि नदीकाठी झोपडी. असे हिमालय मी ढिगांनी काढले. त्यातला एकही कधी हलला नाही. बहुधा त्याच अनुभवाच्या जोरावर मी बोलून गेलो.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर खपून गेलं असतं. पण तात्यांच्या बाबतीत जमीन हा गप्पांचा विषय नव्हता.

तात्या माझे शेजारी. मलकापुरात हायवेच्या अंगाला आमची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. त्यांची सगळी नोकरी कोयनानगरला, धरणाच्या वसाहतीत, पंपावर गेली. निवृत्त होऊन इथं आले आणि वर्षाच्या आत त्यांच्या पत्नी, रत्नावहिनी, गेल्या. त्या आम्हाला नीट कळायच्या आधीच गेल्या. बारीक चणीच्या, सारख्या दारात बसलेल्या, एवढंच मला आठवतं. त्यामुळे आम्हाला शेजार मिळाला तो एकट्या तात्यांचा, आणि त्यांच्या परातीचा.

ही परात म्हणजे तात्यांच्या घरातली मुख्य वस्तू. दिवे लागले की ते पलंगाशेजारी फरशीवर एक मोठी स्टीलची परात ठेवतात. परातीत एक पेला पालथा घालतात. त्याच्यावर दुसरा पेला, बुडाला बूड लावून, उताणा. त्यात एक चमचा. जमीन जराशी हलली की वरचा पेला चमच्यासकट परातीत पडतो. तो आवाज आमच्या घरापर्यंत येतो. माझी बायको सुमन उठते, मांजर उठतं, समोरच्या घरातलं तान्हं मूल उठतं. मी उठत नाही. मला ही बातमी सकाळी चहाबरोबर कळते.

अडचण एवढीच, की कोयनेला जमीन हलायची ती आतून. मलकापुरात ती वरून हलते. कारखाने सुरू झाले, की उसानं लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत हायवेनं जातात, वर बारकं पोरगं मावेल एवढ्या पेटीतनं गाणी वाजत असतात. हंगामभर तात्यांचे पेले पडत राहतात आणि तात्या गल्लीत येऊन ओरडत राहतात, “भाईर! भाईर निघा!” सुरुवातीला लोक निघायचे. हल्ली कुणी खिडकीतूनच विचारतं, “तात्या, जमिनीचा हाय का उसाचा?” तात्या मान खाली घालून परत जातात आणि पेले पुन्हा लावतात.

त्यांची एकही शंका आजवर खरी ठरलेली नाही. पण त्यानं तात्यांच्यात काही फरक पडत नाही. “मास्तर, जमिनीचं काय सांगता येतंय व्हय?” असं म्हणतात, की विषय संपला. कुणाच्या घरी गेले तर दाराच्या चौकटीत बसतात. चप्पल काढतात ती बाहेर तोंड करून. मुलगी दुबईत चांगली उंच इमारतीत राहते, सारखी या म्हणते. तात्या म्हणतात, “तितनं भाईर पळायचं म्हंजे वाटंतच म्हातारा हुईन मी.”

माझ्या पुतणीच्या लग्नात, सांगलीच्या एका कार्यालयात, शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि बँडवाल्यानं मोठा ढोल घुमवला. चौकटीत बसलेले तात्या ताडकन उठले. “भाईर!” वऱ्हाड आटपाडीचं. त्या लोकांना दुष्काळ लांबून ओळखता येतो, भूकंपाची सवय नाही. नवरदेवासकट सगळे रस्त्यावर. बोहल्यावर नवरी आणि भटजी दोघंच राहिले. “नवरा कुठाय?” असं भटजींनी मलाच विचारलं, कारण मी जिलेबीच्या ताटाजवळून हललो नव्हतो.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण संध्याकाळी त्यांच्या घरात दिवा लागायला उशीर झाला, की सुमन भिंतीला कान लावायची. परात फरशीवर टेकल्याचा आवाज आला की मग कुकर लावायची.

एकदा तात्या म्हणाले, “मास्तर, कोयनेला येता? क्वार्टर बघून येऊ.” पाऊस भुरभुरत होता, घाटात ढग उतरले होते. त्यांच्या ओळीतल्या क्वार्टर्स बंद पडून कैक वर्षं झालेली. पत्रे गेलेले, आत घाणेरी माजलेली. तात्यांच्या घराच्या भिंती खचल्या होत्या. दाराची चौकट मात्र उभी होती. तात्या त्या चौकटीत जाऊन उभे राहिले, आत पाठ आणि बाहेर तोंड करून. बराच वेळ. मी विचारलं, “तात्या, फोटो काढू?” ते म्हणाले, “काढा.” मी काढला. घरी येऊन पाहिलं तर त्यात माझं बोट आलं होतं. चौकट दिसत होती, तात्या बोटाखाली गेले होते.

त्यानंतर तात्या जास्तच गप्प झाले. आणि त्याच दिवसांत मला हिमालयाचं खूळ लागलं.

सांगलीचे काही हौशी लोक दरवर्षी गढवालात केदारकंठा नावाच्या शिखरावर मंडळी घेऊन जातात. तिथला गाईड, तंबू, खेचरं, स्वयंपाकी, सगळं ठरलेलं. चढायचं तेवढं आपण. जन्मभर त्रिकोण काढले, एकदा तरी त्रिकोणाच्या टोकावर उभं राहावं असं मला वाटलं. एका तंबूत दोघं झोपतात. सुमन म्हणाली, “मी नाही यायची. तात्यांना न्या. माणूस घरात बसून पेले रचतोय.”

मी गेलो. तात्या चौकटीत होते.

“तात्या, येता का हिमालयात?”

“तितं काय हाय?”

“डोंगर.”

“डोंगर कोयनेला बी हुतं. धक्का बसला की डोंगरच कण्हायचं.”

“हा हलत नाही,” मी म्हणालो.

तात्यांनी मान वर केली. “अजाबात?”

“अखंड दगड आहे, तात्या. हलायला जागाच नाही त्याला.”

ते चौकटीतून उठले. मग म्हणाले, “तुमच्या शब्दावर येतो मास्तर. वरच्या मुक्कामाला एक रात पेलं न लावता झोपायचं हाय मला. बास. शिखराचं काय न्हाई.”

घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात हे सांगितलं. सुमननं फोन उघडला, थोडं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. “अहो, देशात सगळ्यात जास्त तिथंच हलतं. लिहिलंय इथं. जाऊन सांगा त्यांना.”

सांगणार कसं? पलीकडे तात्या ट्रंक उघडून स्वेटर काढत होते. भिंतीतून गुणगुणणं ऐकू येत होतं. शेजारी आल्यापासून पहिल्यांदाच.

तेव्हा मी ठरवलं, की आता हिमालय न हलवता तात्यांना परत आणायची जबाबदारी आपली.

डेहराडूनहून पायथ्याच्या सांक्री गावाला जीपनं दिवसभराचा रस्ता. तात्या दार जवळ म्हणून पुढं, ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागं पिशवीत तोंड घालून होतो. घाटाच्या वळणांनी माझी आतडी बाहेर यायची बाकी होती, त्यामुळे पुढं दोघांचं काय बोलणं चाललंय ते मला कळलं नाही. उतरलो तेव्हा तात्या खुशीत होते. ड्रायव्हरनं त्यांना बिडी दिली होती.

आमच्या गाईडचं नाव बलबीर. तरणा, हसरा, डोंगर अंगणासारखा चढणारा. निघताना त्यानं सगळ्यांच्या सॅक तपासल्या. तात्यांच्या पाठीवर सॅकला दोरीनं बांधलेली परात उन्हात लखलखत होती.

“अंकल, किचन का सामान खच्चर पे जाएगा।”

“ये सामान नई,” तात्या म्हणाले, “ये मशीन है.”

मी बलबीरला बाजूला घेतलं. माझं हिंदी मराठीला ‘है’ लावून होतं. “देखो, वो अंकल को जमीन का डर है. इधर जमीन हिलता है, ऐसा बिलकुल बोलने का नहीं.” बलबीर म्हणाला, “ठीक है, अंकल।” त्याला काय कळलं ते देवाला ठाऊक. दिवसभर तो मला प्रत्येक दगडाशी हात धरून म्हणत होता, “आराम से, अंकल, ज़मीन हिलता नहीं है।”

पहिल्या मुक्कामाला एक गोठलेलं तळं होतं. भोवती काळपट देवदार आणि त्यांच्यावर साचलेला जुना बर्फ. पाखरू नाही, वारा नाही. आभाळ मळक्या धोतरासारखं खाली आलेलं. पुण्याची चार-पाच पोरं-पोरी आमच्याबरोबर होती, तीसुद्धा तिथं पोचल्यावर हळू बोलायला लागली. मी जेवलो आणि तंबूत आडवा झालो. तात्यांनी, चाचणी म्हणून, माझ्या उशाशी परात मांडली.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पुण्याच्या पोरांनी सांगितलं. एका खेचराच्या पाठीला खाज सुटली आणि त्यानं ती आमच्या तंबूच्या काठीला घासली. पेले परातीत कोसळले. तात्या बाहेर येऊन गरजले, “भाईर! भाईर निघा!” भाषा कळायची गरजच पडली नाही. सगळा कॅम्प मोज्यांवर बर्फात. स्वयंपाकी झारा घेऊन धावला. त्या गडबडीनं खेचर बुजलं, दोरीत पाय अडकवून पळालं आणि आमचा तंबू जमीनदोस्त झाला. बलबीरनं माणसं मोजली. एक कमी. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात कापडाखालून घोरण्याचा आवाज आला.

मला ओढून काढलं तेव्हा मी विचारलं म्हणे, “चहा झाला का?”

पोरं हसून हसून बर्फात बसली. तात्या मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडं असं बघत होते, की मला वाटलं तोंडाला काही लागलंय. मी पुसलंसुद्धा. तरी त्यांची नजर हटेना.

“लय गाढ झोपता तुमी, मास्तर,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वरच्या मुक्कामाला पोचलो. इथून शिखराचा चढ सरळ दिसतो म्हणतात. आम्हाला ढग दिसले. बर्फ आणि आभाळ यांची सीमा पुसून गेली होती. मी चाळीस रंगांची पेटी बाळगणारा माणूस, इथं मला एकच रंग लागला असता, आणि तोही पाणी घालून. माणूस गेल्यावर घरात दुपारी जसं वाटतं, तसं ते सगळं होतं. मी हे तात्यांना बोललो नाही. ते एका दगडावर बसून हातमोजा काढून जमिनीला तळवा लावून बघत होते.

संध्याकाळ व्हायच्या आत बलबीरनं जेवणाच्या तंबूत सगळ्यांना बसवलं. पहाटे अंधारात कसं निघायचं, बुटाला खिळ्यांच्या पट्ट्या कशा बांधायच्या, कोण कुणाच्या मागं, असं सगळं सांगून झालं. “कोई सवाल?”

पुण्याच्या एका पोरीनं हात वर केला. तिची नजर तात्यांच्या परातीवर होती. “भैया, इधर सच में भूकंप आता है क्या?”

बलबीर सवाल आला की खुलायचा. “अरे दीदी, इधर तो...”

माझ्यापुढं दुसरा उपाय नव्हता. “आई गं!” असं ओरडून मी डोकं धरलं आणि आडवा पडलो. घाईत दिशा चुकली. सुपाचं पातेलं माझ्याबरोबर आलं.

भूकंपाचा विषय तर बुडाला. पण बलबीरचा चेहरा एकदम बदलला. हसरा पोरगा जाऊन तिथं एक कडक माणूस आला. त्यानं माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, डोळ्यांत बॅटरी मारली. मी म्हणालो, “कुछ नहीं हुआ, नाटक था.” तो म्हणाला, “ऊपर की हवा में सब यही बोलते हैं, अंकल।” विरळ हवा मला बाधली, असा निकाल लागला. पहाटे सगळे शिखरावर जाणार, मी तंबूत झोपणार. आणखी काही वाटलं तर स्वयंपाकी मला खाली घेऊन जाणार.

एवढ्या लांब येऊन त्रिकोणाचं टोक माझ्याच सुपात बुडालं. अंगाला टोमॅटोचा वास येत होता. तंबूत मी भिंतीकडं तोंड करून पडलो.

तात्या आत आले. त्यांनी परात काढली नाही. पेलेही काढले नाहीत. बूट काढले, तोंड दाराकडं करून ठेवले आणि पांघरूण घेऊन बसले.

“तात्या, पेले?”

“आज न्हाई. ठरलंय न्हवं आपलं?”

मला बरं वाटलं. निदान तात्यांचं तरी झालं म्हणायचं. त्या समाधानात मी झोपलो, आणि मी झोपलो म्हणजे काय, हे एव्हाना तुम्हाला माहीत आहे.

जाग आली ती स्वयंपाक्यानं हलवल्यामुळं. बाहेर अजून काळोख होता, पण फटफटायला लागलं होतं. तो मला चहा विचारत होता. तंबूचं दार उघडं होतं. तात्यांची जागा रिकामी. समोरच्या चढावर डोक्याला लावलेल्या दिव्यांची एक ओळ अगदी हळू वर सरकत होती. मी बघत बसलो. त्यातला एक दिवा थांबला. ओळ पुढं गेली. थांबलेला दिवा वळला आणि खाली यायला लागला.

तो जवळ आला तेव्हा परात चमकली.

“तात्या! काय झालं? दम लागला?”

“दम कशाचा?” शेजारी टेकत तात्या म्हणाले. भुवयांवर बर्फ बसला होता. “निम्मं वर गेलतो. मागं बघितलं. म्हनलं, हितं मास्तर एकटं झोपल्यात. काय झालं तर ह्यास्नी उठवायचं कुनी?”

“अहो, स्वयंपाकी होता की.”

“त्यो त्याच्या तंबूत.”

“आणि इथं काय होणार होतं, तात्या? हिमालय तर...”

“हिमालय हलतोय,” तात्या म्हणाले. “ड्रायव्हरनं पयल्याच दिशी सांगितलं. त्याच्या गावात निम्मी घरं पडलीती म्हनं एकदा. तुमी मागं वकत हुता.”

मी बाहीवरचा वाळलेला टोमॅटो नखानं खरवडायला लागलो.

“मग म्हनलं, मास्तर एवढा जीव टाकून झाकाया लागल्यात, सुपात बी पडल्यात, कशाला मोडता घालायचा? पर नाटक लय वाईट करता तुमी.”

स्वयंपाकी किटली घेऊन आला. तात्यांनी सॅकमधनं पेले काढले, हाताच्या उबेनं पुसले आणि दोन्हीत चहा घेतला. त्या पेल्यांत कुणी काही पिताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही दोघं तंबूच्या दारात बसलो. उजाडलं, पण ऊन आलं नाही. ढग आणखी खाली आले आणि ती दिव्यांची ओळ त्यांत गेली.

“भ्या मला न्हवतंच कवा,” तात्या चहाकडं बघत म्हणाले. “मी तुमच्यावानी. ढोल वाजवा, उठत न्हवतो. भ्या रत्नाला. ही परात तिची, पेलं तिचं. चपला अशा ठेवा, चौकटीत बसा, समदं तिचं. मी लय हसायचो. कवा धक्का बसला की ती मला गदागदा हलवायची, हाताला धरून भाईर काढायची. भाईर आलो की मी तिलाच शिव्या द्यायचो, झोपमोड केली म्हनून.”

तात्यांनी तळहातात पेला फिरवला.

“ती गेली, तवा पयल्या राती आडवा झालो अन् ध्यानात आलं. आता हलवाया कोन न्हाई. मग परात काढली.”

लांब कुठंतरी बर्फाचा कडा सुटल्याचा आवाज आला. तात्यांनी तिकडं पाहिलंही नाही.

“काल पेले लावले नाहीत तात्या तुम्ही,” मी म्हणालो. “झोप लागली ना पण?”

“झोपलो कुठं? बसलो हुतो तुमच्याकडं बघत. त्या दिशी तंबूखाली तुमास्नी घोरताना बघितलं अन् मला मीच दिसलो. म्हनलं, तिनं जलम असा अर्धा जागा काढला, आपुन एक रात तर काढून बघावी.” त्यांनी एक घोट घेतला. “लय लांब असती रात.”

माझ्या चहावर साय आली होती, तिचाही बर्फ व्हायच्या बेतात होता. मला काहीतरी करावंसं वाटत होतं. मी चित्रकला शिक्षक. अशा वेळी माझं बोट मधे येतं किंवा पातेलं सांडतं. तरी मी धीर केला. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घसा साफ करून म्हणालो, “तात्या, आता घरी गेल्यावर ते पेले बंद. मी भिंतीपलीकडंच आहे. काही झालं तर मी येईन आणि तुम्हाला हलवून उठवीन. शब्द देतो.”

तात्यांनी माझा हात गुडघ्यावरनं हळूच उचलून माझ्याच गुडघ्यावर ठेवला. चहाचा शेवटचा घोट घेतला, पेला बर्फानं घासला आणि परातीत पालथा घातला.

“तुमी?” ते म्हणाले. “आवं मास्तर, अंगावर तंबू पडला तवा खेचर बुजून पळालं अन् तुमी कूस बदलली. तुमच्यापरीस पेलं बरं.”